खाली घेतलेली गाडी

डिंगोऱ्याच्या भरतनं जुनी लाल गाडी घेतली तेव्हा ती चारचौघींसारखीच होती. पण भरतसाहेबांना ती उंच वाटायला लागली. त्यानं स्प्रिंगा बदलून तिला पार जमिनीला टेकवली, रुंद टायर बसवले आणि गावभर मिरवून आला. मिरवण्यापुरतं सगळं झकास होतं. अडचण एवढीच, की मागं कुणी बसलं की टायर वरच्या मडगार्डच्या कमानीला घासायचा.

आणि मागं बसायची त्याची आई, प्रयागबाईच. पुढची नवी सीट बादलीसारखी खोल होती. तिच्यात बसलं की दुखऱ्या गुडघ्यांमुळं तिला उठता येत नसे.

गेल्या भाऊबीजेला तो तिला डिंभ्याला, मामाकडं घेऊन निघाला. घोडेगावच्या अलीकडं एका उंच गतिरोधकावर मागून खर्रकन आवाज आला. भरतचा जीव कळवळला, तोही गाडीसाठी.

"आई, जरा उतर. गाडी पार होऊ दे."

ती उतरली. पुढच्या गतिरोधकावरही उतरली, त्याच्या पुढच्यावरही. डिंभ्यात मामाच्या घराकडचा चढ तर ती फराळाचा डबा काखेत मारून पायीच चढली आणि मागून भरत रिकामी गाडी जपून चढवत आला.

दारात गेणभाऊमामा वाट बघत उभे होते. "अगं, गाडी असून चालत?"

"बसून बसून पाय आखडलं व्हतं," ती म्हणाली. "म्हणलं जरा मोकळं करावं."

आईनं झाकून नेलं हे भरतला तेव्हा बरंच वाटलं. खरं तर तिथंच लाज वाटायला हवी होती. पण त्यानंतर दवाखाना असो की कुणाचं लग्न, आई म्हणायची, "मी जाते यष्टीनं. तू कशाला काम सोडतो?" एकदा जुन्नरच्या स्टँडवर ती त्याला दिसली. बस लागलेली नव्हती आणि ती उभ्याउभ्या गुडघा चोळत होती. भरतला पाहताच तिनं गुडघ्यावरचा हात काढून घेतला. ते मात्र त्याच्या मनाला फार लागलं.

यंदा आईला मामाच्या दारापर्यंत बसूनच न्यायचं, असं त्यानं ठरवलं. नारायणगावात त्याच्या मित्राचं, आदेशचं डेंटिंगचं दुकान होतं.

"जुन्या स्प्रिंगा टाक की राव," आदेश म्हणाला. "गाडी वर आली का विषयच मिटला."

"न्हाई. गाडी खालीच ऱ्हाणार. कमानीचं काय करायचं ते बघ."

अक्कल आली होती, पण अर्धीच. आदेशनं चाकं काढली, रंग तडकू नये म्हणून कमानी गरम केल्या, पत्र्याची आतली कड ठोकून वर दुमडली आणि कमानी थोड्या बाहेर ओढल्या. तरी एका बाजूचा रंग तडकलाच. भरतनं मागच्या सीटवर कांद्याच्या गोण्या टाकल्या आणि गावातले सगळे गतिरोधक ओलांडून पाहिले. टायर कुठंच घासला नाही.

भाऊबीजेच्या सकाळी तो आईला म्हणाला, "आता गाडी घासत न्हाई. तू निवांत बस."

"बरं," म्हणून ती मागं बसली.

जुन्नर सोडलं तशी ती बोलायला लागली. मामाच्या म्हशीचं, धरणाच्या पाण्याचं, कायकाय सांगत होती. भरतला वाटलं, झालं गेलं आता पुसलं गेलं. घोडेगावच्या अलीकडं तो गतिरोधक आला. त्यानं गाडी हळू केली, जवळजवळ थांबवलीच, आणि मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

"आई, अगं, बस..."

ती तोवर उतरली होती. डबा काखेत घेऊन, लंगडत गतिरोधकाच्या पलीकडं जाऊन कडेला उभी राहिली. भरतनं रिकामी गाडी पार केली. तो गाडीतून खाली उतरला.

आई वाकून मागच्या चाकाकडं बघत होती. तडकलेल्या रंगावरून तिनं बोट फिरवलं.

"घासली न्हाई ना रे?"

"न्हाई आई."

त्यानं दार उघडून धरलं. ती बसली, डबा मांडीवर घेतला, पण एक हात दाराच्या कडीवरच ठेवला. पुढचा गतिरोधक समोरच दिसत होता.