फाटकाजवळचा गरम ढीग

उभ्या आयुष्यात सुभद्राबाई कधी ट्रकमागे धावल्या नव्हत्या. त्या दिवशी अनवाणी धावल्या. विजेच्या तारांखालचे कडुनिंब छाटून, फांद्यांचा यंत्रात जागीच चुरा करून गाडी निघाली होती.

"दादा, थो चुरा फेकू नका. आमच्या फाटकाशी टाका."

बाईंच्या अंगणातल्या संत्र्याला चार वर्षांनी पहिल्यांदा फळं धरली होती, लिंबाएवढी एकवीस. मेच्या उन्हानं त्यातली बारा गळवली. नळ दिवसाआड, आणि घातलेलं पाणी दुपारपर्यंत गायब. उरलेली नऊ वाचवायची तर मुळांवर पांघरूण हवंच, हे बाईंच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्यांचे यजमान रुपराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, पण बालपण कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बगिच्यात गेलेलं. झाडाच्या बाबतीत घरात शब्द त्यांचाच.

"कच्चं शेणखत झाडाले देते का कोणी? हा चुराही कच्चाच. मुळं जाळते थो."

बाईंनी ऐकून घेतलं. रुपराव कूलरपुढे घोरायला लागताच झाडाला पोटभर पाणी दिलं आणि खोडापासून वीतभर जागा सोडून चार बोटांचा थर पसरलासुद्धा.

सकाळी फाटकाजवळच्या उरलेल्या ढिगातून चक्क वाफ निघत होती. रुपरावांनी हात खुपसला आणि झटकन मागे घेतला.

"पाह्य, चटका बसला. काहून ऐकत नाहीस वं? गेलं तुझं झाड."

बाईंनी धावत जाऊन झाडाच्या थराखाली हात घातला. माती गार होती, माठाखालच्या वाळूसारखी ओली गार. तापला होता तो ढीग, पसरलेला चुरा नव्हे. बाईंना इतका आनंद झाला की साऱ्या गल्लीदेखत त्यांनी नवऱ्याचं मनगट धरून त्यांना ओढत आणलं.

"घाला हात."

रुपरावांनी घातला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"हे कालचंच पाणी हाय?"

"कालचंच."

मग त्यांनी फळं मोजली, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. नऊच्या नऊ. योगायोग म्हणा हवं तर, पण आठवड्यात पहिल्यांदाच रात्रीतून एकही गळलं नव्हतं.

एवढ्यात शेजारचे गोपाळराव रिकामं पोतं घेऊन ढिगाशी वाकले. रुपराव मातीच्या हातानंच तिकडे निघाले.

"हात नोको लावू गा. आमच्या संत्र्याचा हाय थो."