दक्षिणेची भिंत

मला भुताखेतांची भीती वाटत नाही, माणसांची वाटते. म्हणून १९५८ साली पोलादपूरच्या शाळेत मास्तरीण होऊन आले आणि राहीबाईंच्या घरामागची खोली भाड्याने घेतली, तेव्हा पहिला प्रश्न विचारला, "दाराला आतून कडी का नाही?"

"काढून टाकली," राहीबाई म्हणाल्या. "हितं कडी लावायची नाय, बाई. गावात चोर नाय."

एकट्या बाईने बिनकडीच्या दारामागे निजायचं! माझं डोकंच फिरलं. मी दाराला लोखंडी ट्रंक लावून झोपले. सकाळी दार सताड उघडं आणि ट्रंक भिंतीशी नीट ठेवलेली. बाहेरून ढकलली असती तर सारवणावर ओरखडा उठला असता. ओरखडा नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच. आधी मी राहीबाईंवर संशय घेतला, मग स्वतःवर, आणि तिसऱ्या दिवशी सुतार बोलावला.

सोनबा सुतार कडी ठोकताना माझ्याकडे बघेना. "आवडीनं पन माझ्याकडनंच बसवून घेतली व्हती," तो पुटपुटला.

"कोण आवडी?"

"तुमच्या आधी ऱ्हायची हितं. नवरा मुंबैला गिरणीत. वारली ती." कशाने, ते न सांगता हत्यारं उचलून तो चालू लागला.

आषाढ लागला. आंबेनळी घाटाकडून येणारा पाऊस आठ दिवस हटेना, पातळं वाळेनात. रविवारी दुपारी मी गावातल्या बायका करतात तेच केलं. शेगडीत कोळसे पेटवले, वर टोपली पालथी घातली, तिच्यावर ओली पातळं पसरली आणि नव्या कडीच्या भरवशावर निर्धास्त आडवी झाले. खोलीला खिडकी नव्हती.

जाग आली तेव्हा डोकं फुटत होतं. हात उचलेना, पाय हलेना. दार चार हातांवर होतं. बाहेरून राहीबाई ते बडवत होत्या, "बाई, कडी काढा!" मी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. आता मी मरणार, हे मला स्वच्छ कळलं आणि रडू आलं.

तेवढ्यात दाराशी कोणीतरी उभं दिसलं. पाठमोरी बाई, हिरव्या लुगड्यातली. तिने सावकाश कडी काढली.

राहीबाईंनी मला फरफटत पावसात आणलं. "बरं झालं, कडी काढलीत."

"मी नाही. त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईने काढली."

त्या मटकन चिखलात बसल्या. "आवडी खिडकी मागत व्हती. धूर कोंडतो म्हणायची. खिडकीला जागा एकच, दक्षिणेची भिंत. यमाच्या दिशेला भोक पाडू नये, म्हणून मी नाय म्हटलं. ती आत गुदमरून मेली तवा मी असंच दार बडवीत व्हते. मग दोष कडीला दिला." त्यांनी विचारलं, "माझ्याकडं बघितलं तिनं?"

"नाही."

मला त्यांचा संताप आला होता, पण ते तोंड बघून तो ओसरला. त्या उठल्या, गोठ्यातली पहार घेतली आणि भर पावसात दक्षिणेच्या भिंतीवर घाव घातला. मी बाहेरच बसले होते, खोली रिकामी होती.

दुसरा घाव पडला. मग आतून कोणीतरी भिंतीवर तीनदा थापटलं.

राहीबाईंनी पदर खोचला. "आले गो आवडे," त्या म्हणाल्या, "आले."