दाजींच्या जोडीतला डग्गा

या मित्रांनो, जवळ या. अजून थोडे पुढे सरका. माझा आवाज जाड आहे, लांबून ऐकलात तर नुसती घुमघुम कळेल. बसा, दोन भावांची गोष्ट सांगतो. ती मी पाहिली आहे, नव्हे, मी त्यात होतो.

मी एक जुना डग्गा आहे. तबल्याच्या जोडीत उजवीकडे असतो तो तबला, आणि डावीकडे पोट सुटलेला बसतो तो मी. १९४६ साली पनवेलच्या बाजारात एका कारागिराने माझ्या तांब्याच्या अंगावर कातडी पुडी ताणली, वादी ओढली, मधोमध शाई घोटली. मला घेतले दाजींनी. दाजी खाडीकाठच्या मिठागरात राबायचे आणि दिनानाथबुवांच्या कीर्तनात साथ करायचे. बुवा पनवेलहून बैलगाडीने गावच्या राममंदिरात येत. पूर्वरंगात त्यांनी एखादा दृष्टान्त उलगडू लागावे आणि दाजींचे मनगट माझ्यावर हळूच पुढे सरकावे, की ऐकणाऱ्यांच्या माना आपोआप डोलू लागत. त्या सुखाला कशाची सर नाही.

दाजींनी आपल्या दोन्ही मुलांना, काळूराम आणि आनंदाला, शिकवले. तबला बोटांनी येतो, पण डग्गा धीराने शिकावा लागतो, असे त्यांचे मत. ते सांगत, "बुवाच्या शब्दावर पाय द्यायचा नाय. बुवा श्वास घेतो ना, तितं तुजी जागा." खाडीच्या दमट वाऱ्याने माझे कातडे सैल पडते. म्हणून मला घटकाभर उन्हात ठेवायचे, चुलीजवळ कधीच नाही. आणि सूर लावायचा तो माणसे दाटीने बसल्यावर. रिकाम्या मंडपात लावलेला सूर गर्दीच्या उबेने बदलतो. आनंदा जोरात थाप मारी तेव्हा दाजी हसत, "अरे, भाकरी थापतोस काय? डग्गा वाजतोय हे कुणाला कळलं नाय पायजे. थांबला की मात्र कळलं पायजे."

मित्रांनो, लोक शाबासकी द्यायचे ती तबल्याला. मला त्याचे वाईट वाटले नाही. तबला माझा सोबती होता.

दाजी गेले आणि वर्षाच्या आत वाटणी झाली. पंचांनी घर मधोमध विभागले, भांडी विभागली, आंब्याच्या फांद्यासुद्धा विभागल्या. शेवटी आमची जोडी उरली. दोघांनाही ती हवी होती, दोघेही हट्टाला पेटलेले. तबला थोरल्या काळूरामकडे गेला, मी धाकट्या आनंदाकडे. प्रत्येकाला वाटले, दुसरा आपला भाग आणून देईल. कुणीच दिला नाही. बुवा मग साथीला पनवेलहून पखवाजवाला आणू लागले. मी आनंदाच्या फळीवर पडून राहिलो. कधीकधी संध्याकाळी तो मला मांडीशी घेऊन डाव्या हाताचे बोल वाजवी. अर्धेच वाक्य बोलावे तसे ते वाटे.

पुढे होडीत मिठाच्या गोणी चढवताना फळी सरकली आणि काळूरामचा डावा हात गोणीखाली चिरडला. आनंदा त्याला बघायला गेला, पण उंबऱ्यातूनच परत आला.

मग १९५९ ची रामनवमी आली. बुवांचा घसा बसत चालला होता. हे आपले शेवटचे रामजन्माचे कीर्तन, त्याला दाजींची जोडी लावा, असा त्यांचा निरोप होता. आदल्या दिवशी काळूरामची बायको ठमाबाई आमच्याकडे आली.

"भावजी, यांनी डग्गा मागितलाय."

"डग्गा मागतो. मला नाय मागत."

"तुमी चला की."

"बोलावलं कुणी?"

"घरातल्याला काय आता अक्षता धाडायच्या?"

आनंदाने मला फळीवरच राहू दिले. ठमाबाई रिकाम्या हाताने परत गेली.

दुसऱ्या दिवशी आनंदाची बायको मैना मंदिरात गेली. तो अंगणात फावड्याला दांडा बसवत राहिला. मंदिर हाकेच्या अंतरावर. बुवांचा फाटका आवाज ऐकू येई, मागे झांजा, आणि तबला एकटाच, कोरडा. प्रत्येक आवर्तनात माझी जागा यायची आणि मोकळी जायची. आनंदाची बोटे दांड्यावर चालत होती. त्याला ठाऊक नव्हते, पण मला दिसत होते.

ऊन डोक्यावर आले तेव्हा मैना लगबगीने घरी आली. सुंठवड्याला भांडे कमी पडले होते. परातीसाठी वाकता वाकता ती म्हणाली, "थोरल्या दादांनी डाव्या बाजूला कापडाची चुंबळ मांडलीय. कुणाला तितं बसू देत नायत."

"डग्ग्यासाठी असंल."

"आणि वाजवणार कोण? त्या हातात पाण्याचा पेला धरवत नाय त्यांना."

आनंदाच्या हातातले फावडे खाली पडले. दादाने ती जागा आपल्यासाठीच धरली आहे, एवढी साधी गोष्ट रागाने त्याला दिसू दिली नव्हती. त्याने मला फळीवरून उचलले, खांद्यावर घेतले आणि तो धावला. वाटेतच शंख वाजला. गुलाल उधळला गेला. रामराया जन्मले, आणि आम्ही अजून मंदिरापुढच्या वडाखालीच होतो.

दारातल्या गर्दीतून वाट काढत आत पोचलो तेव्हा पाळणाही संपला होता. बुवा खांबाला टेकून बसले होते, आवाज पार गेलेला. काळूराम तबल्यावर फडके टाकत होता. त्याने वर पाहिले.

"उशीर केलास."

"हो, दादा."

"बस."

त्याने फडके काढले. आनंदाने मला चुंबळीवर ठेवले. सूर लावायला वेळ नव्हता, कातडे सैलच होते. एका भावाचा उजवा हात, दुसऱ्याचा डावा, अशी आम्ही फक्त आरती वाजवली. बुवा डोळे मिटून ऐकत होते. तेवढेच आमचे वाजवणे.

भाद्रपदात काळूराम तापाने गेला. तेराव्यानंतर ठमाबाई तबला घेऊन आली आणि तो माझ्या शेजारी ठेवून गेली. आनंदाने तबल्याची धूळ रोज पुसली. वाजवला मात्र कधीच नाही.

आता माझी पुडी चिरली आहे, शाईचे खवले निघाले आहेत. मित्रांनो, वाद्ये सांभाळा. त्यांना ओल लागू देऊ नका, आणि जोडीतले एक इकडे, एक तिकडे असे कधी करू नका. माझी पुडी कुणी बदलली नाही तरी चालेल. पण रामनवमीला कीर्तनाला बसलात तर काळूरामची आठवण काढा. धाकट्याची वाट बघत, एका हाताने, त्याने पाळणा संपेपर्यंत ताल सुटू दिला नव्हता.