भरलेल्या रजिस्टरला चौथी पायरी

कंपनीचं कामकाज किती मुरलेलं आहे, हे पाच पायऱ्यांत मोजणारी मॉडेलं आपले प्राध्यापक धडाधड छापतात. ती मॉडेलं तपासतं कोण? कुणीच नाही. म्हणून रोशनीनं पीएचडीला हाच विषय घेतला. राज्यातली तेवीस मॉडेलं तिनं जमवली. त्यातली सतरा एकाही कारखान्यावर कधी लावून पाहिलेली नव्हती.

उरलेल्या सहांत एक तिच्याच गाइडचं, गांगुर्डे सरांचं. निफाडजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसला त्यांनी चौथी पायरी दिली होती.

रोशनी तिथं गेली. सकाळचे दहा. कोल्ड रूमच्या दारात सिंधुबाई तापमानाचं रजिस्टर भरत होत्या. संध्याकाळी सहापर्यंतचे आकडे आत्ताच.

"मावशी, सहा वाजायचेत अजून!"

"रकाना रिकामा दिसला का साहेब बोंबलतो. गाड्या लागल्यावर पेन धरायला हात कुठं हाय?"

"आणि आतली थंडी कमी झाली तर?"

"आत पाय टाकला का कळतं मला. परवा थंडीची मशीन बंद पडली, तर समदा माल शेजारच्या खोलीत हलवला आम्ही. एक मणी खराब नाय. वहीत बघ, परवाबी दोन डिग्रीच!" सिंधुबाई खदाखदा हसल्या.

कामात बाई पक्की, वही खोटी. आणि सरांच्या मॉडेलनं मार्क दिले वहीला. रोशनीनं प्रबंधाच्या तक्त्यात त्या मॉडेलला सगळ्यात खालचा दर्जा दिला.

"माझं काढ यातून," तक्ता पाहून सर म्हणाले. "बावीस पुरेत. प्रबंधावर सही माझी लागते."

"मग बाकीच्यांना कुठल्या तोंडानं नापास करू?"

"रजिस्टर खोटं, हे कोण बोललं? नाव सांग."

"नाव मिळणार नाही. तुम्हीच एक दिवस उभे राहा तिथं."

पीएचडीच्या समितीसमोर तिनं तेवीसच्या तेवीस मॉडेलं दाखवली. अध्यक्ष शुभांगी मॅडम सरांकडे वळल्या. "तुम्ही पॅकहाउसला गेला होतात?"

"फॉर्म मेलवर मागवला होता."

"म्हणजे नाही."

सरांनी सही केली नाही. रोशनीनं त्याच दुपारी गाइड बदलायचा अर्ज टाकला आणि मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली.

"एक वर्ष वाढेल," मॅडम म्हणाल्या. "आणि माझ्याकडे यायचं तर उरलेल्या पाच कारखान्यांतही जावं लागेल. एकच जागा पाहून चालणार नाही."

"बरोबर आहे. उद्या ओझरच्या कारखान्यापासून सुरू करते."