चार दिवसांचं वर्ष

मखमलाबादच्या मळ्यात गुलाबाच्या जुड्या रद्दीत गुंडाळताना प्रतिभाचे हात चालत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. तिला चोवीस पुरी झाली होती आणि पत्रिकेतला मंगळ बघून परवा ओझरचं स्थळही परत गेलं होतं. तिची आई चतुराबाई येताजाता एकच टकळी लावायची: अठ्ठावीस पुरी झाली की मंगळ उतरतो, तोवर दम धर. अजून चार वर्षं कसला दम धरायचा?

तेवढ्यात हातातल्या कागदावर एक बातमी दिसली. आपल्या सूर्यासारख्याच एका ताऱ्याभोवती ग्रह सापडला होता, आणि तो चार दिवसांतच पुरी फेरी मारत होता. म्हणजे तिथलं वर्षच चार दिवसांचं. शेजारी जुड्या बांधत बसलेल्या आईला तिनं ती वाचून दाखवली.

"तिथं असते तर सोळा दिवसांत माझा मंगळ उतरला असता," ती फणकारली. "तुझ्या डोक्याची कटकट तरी गेली असती."

चतुराबाईचे हात थांबले. तिनं लेकीकडे एकवार बघितलं, मग तो कागद ओढून घेतला आणि त्यातच जुडी करकचून बांधली.

"सोळा दिवसांत सासरी जायची व्हय तू?" ती म्हणाली. "नको बाई. आपला मंगळच बरा हाय."