चौथी टपली

भीतीवर मात करणाऱ्या माणसानेच आजवर जगाचा इतिहास घडवला आहे. हे वाक्य शर्यतीच्या क्लबने स्वच्छतागृहाच्या दारावर चिकटवलं होतं, आणि चष्मेवाला ते पुन्हा पुन्हा वाचत होता, कारण आत कुणीतरी होतं आणि त्याला फार घाई होती. शर्यतीच्या दिवशी त्याचं पोट असंच वागायचं. बरं, शर्यत तो चालवणार होता असंही नाही. चालवणार होती बायको, आणि ती तिकडे गाडीच्या चाकावर बूट टेकवून निवांत सफरचंद खात होती.

बायको दातांची डॉक्टर. भलेभले तिच्या खुर्चीत बसले की खुर्चीचे हात घट्ट धरत आणि बालपणीची गाऱ्हाणी आठवत. तिला मात्र कशाचीच भीती वाटत नसे. घराच्या वाट्याला आलेली सगळी भीती एकट्या नवऱ्याने उचलली होती आणि तो ती इमानेइतबारे सांभाळत होता. पन्नाशीला टेकल्यावर माणसं बाग करतात, पेटी शिकतात. हिने उघड्या चाकांची शर्यतीची गाडी घेतली. म्हणजे एक लांबुळकी नळी, तिच्यातून बाहेर आलेली चार चाकं. चाकांवर मडगार्ड नाही, माणसावर छप्पर नाही, आणि बुडाखाली वीतभरावर रस्ता.

"हिला दार कुठंय?" चष्मेवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"दार नसतं."

"मग बाहेर कसं यायचं?"

"शर्यत संपली की यायचं," ती म्हणाली. "त्याआधी येणाऱ्यांचं काही खरं नसतं."

त्यातून शर्यती हिवाळ्यात. याचं कारण असं की, खरे शर्यतवाले थंडीत गाडी काढत नाहीत. टायर गार पडले की रस्ता धरत नाहीत, आणि वळणावर गाडी ओल्या साबणासारखी हातातून सटकते. तेव्हा क्लबने हिवाळा हौशी मंडळींना देऊन टाकला. ज्यांना चालवता येतं त्यांनी कोरड्यात चालवावं, ज्यांना येत नाही त्यांनी निसरड्यात. या व्यवस्थेत काही गडबड आहे, असं एका चष्मेवाल्याला सोडून कुणालाच वाटत नव्हतं.

चष्मेवाल्याचा जन्म दुकानात बसून चष्म्यांचे मोहरीएवढे स्क्रू आवळण्यात गेलेला. आवळणं हा त्याचा धंदा होता आणि स्वभावही. त्याने बंद केलेला नळ दुसऱ्याला उघडत नसे. साखरेची बरणी त्याने एकदा लावली की तो घरी येईपर्यंत चहा बिनसाखरेचा. "दातांना बरंच आहे," बायको म्हणायची. म्हणून गाडी आल्यावर त्याने एकच हट्ट धरला: इंजिनाचं गॅरेजवाला बघेल, पण चाकं मी आवळणार. दर चाकाला एकच मोठा नट, आणि तो आवळायला हातभर लांबीचा पाना. नट हवा तेवढा घट्ट झाला की पाना आपण होऊन 'टक्' असा वाजे. तो पाना हातात असेपर्यंत चष्मेवाल्याला भीती वाटत नसे. अख्ख्या हिवाळ्यात त्याला मिळणारी उसंत म्हणजे तेवढीच.

नवराबायकोंनी एक रीत पाडली होती. गाडीत पट्ट्यांनी जखडलेल्या बाईला मान वळवता येत नाही, कानात बोळे असल्याने ऐकूही येत नाही. म्हणून एकेक चाक 'टक्' झालं की नवऱ्याने तिच्या हेल्मेटवर एक टपली मारायची. चार टपल्या झाल्या की ती निघणार. तिच्या डोक्यात टपली मारण्याची परवानगी संसारात त्याला एवढ्या एकाच ठिकाणी होती.

मदतीला तिचा धाकटा भाऊ. त्याची गाडी शिकवण्याची शाळा होती, आणि शिकवण्याच्या गाडीत त्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता. त्यावर पाय ठेवूनच त्याचे केस पिकले होते. पंगतीत कुणी भराभर वाढायला लागलं तरी त्याचा उजवा पाय आपोआप दाबला जाई. सगळे त्याला ब्रेकच म्हणत. शर्यतीत त्याचं काम बोर्ड धरण्याचं. ताई समोरून गेली की कठड्यावरून बोर्ड दाखवायचा. आकडा दाखवला तर तो तिचा नंबर. बाण दाखवला तर 'आत ये, काहीतरी बिघडलंय.'

हंगामाच्या सुरुवातीला एकदा चष्मेवाल्याने बाण दाखवायला लावला होता. त्याला सारखं काहीतरी खडखडताना ऐकू येत होतं. बायको तिसऱ्या नंबरावर होती, ती शर्यत सोडून आत आली. गाडी तपासली. सगळं ठाकठीक. खडखड मात्र चालूच. मग तिने हेल्मेट काढलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे धंद्याच्या नजरेने पाहिलं.

"अहो, हे तुमचे दात वाजतायत."

सगळा क्लब आठवडाभर हसला. ती हसली नाही. घरी येताना शांतपणे म्हणाली, "यापुढे नुसत्या भीतीपोटी मला आत बोलावलंत, तर पुढच्या हिवाळ्यात चाकं गॅरेजवाला आवळेल. तुम्ही घरी बसायचं."

घरी बसायचं! म्हणजे ती दुसऱ्याने आवळलेल्या चाकांवर जाणार, आणि हा दिवाणखान्यात घड्याळ बघणार. त्या विचाराने चष्मेवाल्याने लगेच घरातले सगळे नळ एकदा घट्ट करून घेतले.

आज हंगामाची शेवटची शर्यत. करंडक एकतर बायकोला मिळणार, नाहीतर बेकरीवाल्याला. दोघांपैकी जो पुढे राहील त्याचा. सकाळभर धुकं होतं, आणि मग कुणीतरी पडदा ओढावा तसं ते उठलं. कर्ण्यावरून ओरडा झाला, "निघा, निघा, पुन्हा यायच्या आत निघा!" पळापळ झाली. चष्मेवाल्याने पुढचं डावं केलं. टक्, टपली. पुढचं उजवं. टक्, टपली. मागचं उजवं. टक्, टपली. मागून वळसा घालून डावीकडे जाणार तोच बेकरीवाल्याच्या माणसांनी मधे जॅक आणला. "जरा सरका हो!" तो सरकला, वाकला, पाना उचलला, आणि बायको निघून गेली. मागे धूर राहिला, गार हवा राहिली, आणि पाना हातात घेतलेला नवरा राहिला.

आधी त्याने स्वतःची समजूत घातली. ती निघाली, म्हणजे चार टपल्या झाल्या. चार टपल्या झाल्या, म्हणजे चार चाकं झाली. हिशोब चोख होता. फक्त हाताला चौथी 'टक्' आठवत नव्हती. गॅस बंद केला की नाही हे आठवेना की माणूस अर्ध्या वाटेतून परत जातो. इथे गॅसच शंभराच्या वेगाने पुढे निघून गेला होता.

"ब्रेक," त्याने विचारलं, "मी मागचं डावं केलं ना रे?"

"केलंच असणार की भावजी! तुम्ही आणि चाक सैल सोडणार? थर्मास उघडेना म्हणून मी मघापासून बिनचहाचा आहे!"

"टपली मारताना बघितलंस?"

"कुठली, तुमची की माझी?"

"तुझी?"

"शेवटची शर्यत, ताईचा करंडक... मलाही भरून आलं हो. मी पण एक दिली ठेवून. फाड ताई, म्हटलं!"

ब्रेक अजून हसत होता. मग भावजींच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू हळूहळू उतरलं, आणि त्याचा उजवा पाय जमिनीवर कचकन दाबला गेला.

"बाण दाखव," चष्मेवाला म्हणाला.

"भावजी, ती तुम्हाला घरी बसवेल."

"बसेन. बाण दाखव!"

गाड्या आल्या. बेकरीवाला पुढे, त्याच्या मागे हिरवी गाडी आणि तीत दाढेसारखं पांढरं हेल्मेट. ब्रेकने बाण कठड्याबाहेर काढला. हेल्मेट किंचित वळलं. हातमोज्यातलं एक बोट वर झालं आणि डावी-उजवीकडे हललं. शहरातल्या प्रत्येक पेशंटला ते बोट ठाऊक होतं. त्याचा अर्थ, 'उगाच हलायचं नाही.' गाडी निघून गेली.

सरळ रस्त्याच्या टोकाला, झाडांच्या पलीकडे, एक लांबलचक उजवं वळण होतं. तिथलं इथून काही दिसत नसे. उजव्या वळणावर गाडीचा सगळा भार डाव्या चाकांवर येतो, हे चष्मेवाल्याला ब्रेकनेच कधीतरी शिकवलं होतं. न शिकवता तर बरं झालं असतं. दर फेरीला गाड्या झाडांमागे शिरत, नुसते आवाज राहत, आणि मग एकेक गाडी बाहेर पडे. त्या दोन्हींच्या मधल्या वेळात चष्मेवाला बाहेर पडणाऱ्या गाड्या मोजत राही. नट किती आटे सुटला असेल, हे त्याला बोटांत जाणवत होतं. हाताने लावलेला नट. आधी तो नुसता हलतो. मग फिरतो. मग फिरतच राहतो.

तो शर्यतीच्या अधिकाऱ्याकडे धावला. "साहेब, झेंडा दाखवा! तिला बाहेर काढा. मागचं चाक सैल आहे."

अधिकाऱ्याने नाकावरचा चष्मा सारखा केला. "चाक हलताना मला तर दिसत नाहीये. आणि चष्मा तुमच्याच दुकानातला आहे."

"मी सांगतोय ना! मी आवळलं नाही."

"मागच्या वेळी दात होते," अधिकारी सौम्यपणे म्हणाला. "या वेळी गुडघे असतील. शर्यत चाललीय हो, करंडकाची आहे. मला काही दिसलं तर मी लगेच झेंडा काढतो."

दिसेल तेव्हा ते चाक गाडीच्या पुढे पळत असेल. चष्मेवाला कठड्याकडे परत धावला. बाण ती मानणार नव्हती. बाण म्हणजे नवऱ्याची भीती, आणि भीती तिला पाठ होती. तिला असं काही सांगायला हवं होतं, जे जगात त्या दोघांखेरीज कुणाला कळणार नाही.

"ब्रेक, कठड्यावर चढ."

"मी?"

"चढ म्हणतो ना!"

पन्नास माणसांदेखत दोघे कठड्यावर उभे राहिले. हिरवी गाडी सरळ रस्त्याला लागली तशी चष्मेवाल्याने मेव्हण्याच्या डोक्यावर हात उचलून टपली मारली. दुसरी मारली. तिसरी मारली. मग मेव्हण्याचंच मनगट पकडलं, आणि त्याचाच पंजा त्याच्याच टाळक्यात असा हाणला की ब्रेकच्या तोंडून "आई गं!" निघालं.

"गेला," मागे कुणीतरी म्हणालं. "चष्मेवाला कामातून गेला."

हिरवी गाडी समोरून गेली. बोट वर झालं नाही. वेगही उतरला नाही. ती झाडांमागे शिरली.

बेकरीवाला बाहेर पडला. त्याच्यामागून पिवळी गाडी आली. मग आणखी एक. आणखी दोन जोडीने आल्या. मग सगळे आवाज इकडे आले, आणि झाडांमागे काहीच उरलं नाही. एक कावळा ओरडला तो स्पष्ट ऐकू आला. चष्मेवाल्याने हातातला पाना इतका घट्ट धरला होता की पानाच त्याला सोडत नव्हता. ब्रेक कठड्यावर उकिडवा बसला होता आणि नसलेला ब्रेक दोन्ही पायांनी दाबत होता. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याकडे बघत नव्हतं.

मग आत येण्याच्या गल्लीतून, झाडांच्या अगदी दुसऱ्या बाजूने, फटफट आवाज आला. हिरवं नाक दिसलं. गाडी पायी चालल्यासारखी येत होती, आणि मागचं डावं चाक दारुड्यासारखं आत-बाहेर झोकांड्या खात होतं. ती त्यांच्यासमोर येऊन थांबली. चष्मेवाला गुडघ्यांवर बसला. पाना लागलाच नाही. दोन बोटांनी नट फिरवला, तो चष्म्याच्या स्क्रूसारखा अलगद त्याच्या तळहातावर आला.

तिकडे जल्लोष झाला. बेकरीवाला जिंकला होता. अधिकारी आला, त्याने तो नट पाहिला, चष्मा काढून पुसला, परत घालून पुन्हा पाहिला आणि निघून गेला.

बायकोने हेल्मेट काढलं. ती गाडीतून उठली मात्र नाही.

"चौथी टपली जड होती," समोर बघत ती म्हणाली. "मला वाटलं, आज तुम्हाला माझ्यावर प्रेम आलंय. पुढे मग तुम्ही कठड्यावर त्याला बडवताना दिसलात."

"ताई, माझंच चुकलं," ब्रेक डोकं चोळत म्हणाला.

"तू गप्प बस. तुझं डोकं उद्या बघते."

चष्मेवाला नट मुठीत धरून उभा होता. घरचा दिवाणखाना, भिंतीवरचं घड्याळ, येता हिवाळा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. विचारून टाकावं म्हणून त्याने घसा खाकरला. "तर मग पुढच्या हिवाळ्यात चाकं..."

त्याचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. मांडीवर ठेवलेले हातमोज्यांतले हात थरथरत होते. जे हात जागचे केसभरही हलत नाहीत म्हणून लोक लांबून लांबून दात दाखवायला येत, तेच हात. त्याने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. त्याला जे काही विचारायचं होतं ते तो विसरून गेला.

तिने त्याची नजर पाहिली. हात पट्ट्याखाली सरकवले.

"अहो," ती म्हणाली, "तो थर्मास तेवढा उघडून द्या. मी सकाळपासून बघतेय, तुमच्याशिवाय कुणाला उघडायचा नाही."