वन्संच्या कोंबड्या, वहिनींचा कोबी

मोठ्या दवाखान्यातली नर्सची नोकरी संपवून वन्सं भावाकडे कायमच्या राहायला आल्या, त्या एक ट्रंक आणि खुराडंभर कोंबड्या घेऊनच. ट्रंकेला घरात लगेच जागा मिळाली. कोंबड्यांनी आपली जागा आपणच शोधली, ती नेमकी वहिनींच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात.

घरामागची बाग वहिनींनी स्वतःच्या हातांनी उभी केलेली. सकाळी उठून पाहतात तर वाफा उकरलेला आणि मधोमध वन्संची लाडकी तांबडी कोंबडी धुळीत लोळत पडलेली. तिचं नाव मेट्रन.

"वन्सं," वहिनी गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्या लेकींना उकिरडा दाखवलात का? की थेट माझा वाफाच दाखवलात?"

"वहिनी, त्यांनी माती भुसभुशीत करून दिली. आभार माना."

दुपारी दादाला कुंपण घालायला बसवलं. दादा म्हणजे वहिनींचा नवरा आणि वन्संचा थोरला भाऊ. त्याचा सगळा जन्म एसटीसारख्या मोठ्या गाड्या चालवण्यात गेलेला. पण एकीकडून बायको, दुसरीकडून बहीण "डावीकडे घे, उजवीकडे घे" म्हणायला लागल्यावर त्याचाही तोल गेला. फाटक तिरकं बसलं ते बसलंच. कुंपणाच्या एका बाजूला कोंबड्या, दुसऱ्या बाजूला भाजी, अशी वाटणी झाली. दादा कुठल्याही बाजूला जाताना आधी खोकायचा, वळणावर हॉर्न द्यावा तसा.

थंडी पडली. वहिनींचा कोबी असा भरला की येणारा-जाणारा थबकून बघायचा. आणि मग अळ्या आल्या. वहिनींनी राख टाकली, साबणाचं पाणी मारलं, कडू पाल्याचा काढा शिंपडला. अळ्यांनी सगळं मुखशुद्धीसारखं घेतलं आणि पुन्हा जेवायला बसल्या. पानांची चाळण झाली. वहिनी सकाळभर वाकून एकेक अळी वेचायच्या आणि कंबर धरून घरात यायच्या.

उपाय कुंपणापलीकडे कॉक-कॉक करत फिरत होता. पण मागायचा कसा? मोडेन पण वाकणार नाही, असा स्वभाव.

एके सकाळी फाटक उघडं राहिलं. वहिनी लांबून, भलतीकडे बघितल्यासारखं करून, बघत राहिल्या. मेट्रन फाटकापर्यंत आली, मान वाकडी करून उभी राहिली, आणि तेवढ्यात वन्संनी येऊन कडी लावली.

"वहिनी, फाटक उघडं राहिलं होतं हो! बरं झालं माझं लक्ष गेलं."

"हो का? वाऱ्याने उघडलं असेल."

दुसऱ्या दिवशीही तसाच वारा सुटला. वन्संनी कडी लावलीच, वर सुतळीही बांधली.

दादा बहिणीपाशी जाऊन खोकला. "अगं, तिला काय हवंय ते तुला कळतंय ना?"

"आंधळी आहे का मी? तोंडाने मागू दे की."

"आणि नाही मागितलं तर?"

"तर तू कोबी न खाता जग. बरी राहील तब्येत."

शेवटी कोबीचा एक गड्डा पार आतपर्यंत पोखरलेला निघाला, तेव्हा वहिनी तरातरा कुंपणाशी आल्या. वन्सं दाणे टाकत होत्या. त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता वहिनी कोंबडीला म्हणाल्या, "मेट्रनबाई, आमच्याकडे जेवायला याल का? मालकिणीची परवानगी असली तर."

लेकी बोले, सुने लागे. इथे लेक कोंबडी होती, एवढंच.

वन्संही काही कमी नव्हत्या. "मेट्रन, त्यांना सांग, एकटी यायची नाहीस. सोबत मीही येणार."

सुतळी सुटली. वहिनी पानं उलटून अळ्या खाली झटकायच्या, कोंबड्या पळत येऊन मटकवायच्या, आणि वन्सं हातात काठी घेऊन, पानाला चोच लावेल तिला दटावायच्या. "ए, पथ्य पाळ! फक्त अळी!" तरी चार पानं गेलीच. वहिनींनी ती पाहिली आणि जीभ आवरली.

बरेच गड्डे झटकून झाल्यावर वहिनींनी विचारलं, "एवढं ताणलंत का हो, वन्सं? पहिल्याच दिवशी सोडल्या असत्यात तर?"

वन्सं काठीने माती टोकरत राहिल्या. "तिकडे वॉर्डात दिवसभर कुणी ना कुणी हाक मारायचं. सिस्टर इकडे या, सिस्टर तिकडे बघा. वैताग यायचा. इथे तुम्ही चहा हातात देता, ताट वाढून देता, पाणी तापवून ठेवता. आल्यापासून एक काम सांगितलं नाहीत मला. पाहुणीला कोण सांगतं?"

वहिनींनी आणखी एक पान उलटून झटकलं. मग नाक ओढून म्हणाल्या, "मी म्हटलं, आयुष्यभर राबून आलात, जरा बसाल."

"बसून बसून खुडूक कोंबडी झाले मी."

दोघी एवढ्या मोठ्याने हसल्या की दादा न खोकताच धावत आला.

त्या दिवसापासून वहिनींनी चंगच बांधला. वन्सं, मिरच्यांना पाणी घाला. वन्सं, शेणखत पसरा. वन्सं, वालाच्या वेलांना काठ्या लावा. आठवडा सरायच्या आत वन्सं कंबरेला तेल चोळत ओट्यावर बसल्या. "सून असते तर एवढ्या छळाची तक्रार करता आली असती," त्या दादाला म्हणाल्या. तक्रार करताना त्यांचा चेहरा मात्र लग्नघरातल्या करवलीसारखा खुलला होता.

निम्मा कोबी वाचला. भोकं होती, पण चिरल्यावर कुणाला कळतंय!

थंडी ओसरत आली तशी दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला, चार दिवस राहायला ये म्हणून.

"नाही गं जमायचं," वन्सं मुद्दाम आवाज चढवून म्हणाल्या. "घरी माझ्यावाचून फार अडतं."

"काही अडत नाही!" स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या. भांड्यांचा आवाज थांबला. "खुशाल जा, वन्सं. पण आधी कांद्याची खुरपणी करून जा."